मधल्या फळीचे नेतृत्व

पावसाळा सुरू झाला की अमरावती-अकोल्याच्या शाळांतून सुब्रतो करंडकाच्या फुटबॉल स्पर्धेसाठी संघ निवडले जाऊ लागतात. संघाबरोबर कर्णधारही नेमला जातो आणि ही नेमणूक बहुधा पाच मिनिटांत उरकते. मागल्या वर्षी ज्याने सर्वाधिक गोल केले तो, किंवा जो वरच्या वर्गात आहे तो, कर्णधार ठरतो. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु संघ कोणत्या पद्धतीने खेळणार आणि त्या पद्धतीचा आधार कोण होणार, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून कर्णधार नेमणे म्हणजे पाया न आखता तुळई उचलण्यासारखे आहे.

फुटबॉलच्या मैदानावर मधल्या फळीतील खेळाडूची जागा मोठी विलक्षण असते. आघाडीवीराला समोरचे गोलजाळे दिसते, बचावपटूला समोरून येणारा प्रतिस्पर्धी दिसतो. मधल्या खेळाडूच्या मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे माणसे असतात. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोणाला द्यावयाचा हे त्याला ठरवून ठेवावे लागते. वऱ्हाडातील वाचकाला हे खो-खोच्या उदाहरणाने चटकन उमगेल. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशाही बदलता येत नाही. म्हणून त्याचे खरे कौशल्य धावण्याइतकेच नेमक्या क्षणी नेमक्या गड्याला ‘खो’ देण्यात असते. टाळ्या गडी बाद करणाऱ्याला मिळतात, पण तो गडी कोंडला गेलेला असतो आधीच्या दोन ‘खों’मुळे. फुटबॉलमधील मधल्या फळीचे नेतृत्व हे या जातीचे आहे.

अर्थात, नेतृत्व हा व्यक्तीच्या अंगचा सुटा गुण नव्हे. तो संघाच्या खेळपद्धतीशी जुळला तरच फळाला येतो. ब्राझीलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८२ च्या विश्वचषकात त्या संघाचा कर्णधार सॉक्रेटिस हा होता. व्यवसायाने तो डॉक्टर होता आणि मैदानावरही त्याची नजर तशीच शोधक असे. तो संघ देखणे खेळला, परंतु बरोबरीही पुरेशी असताना इटलीकडून ३-२ असा हरला. पुढे १९९० च्या अपयशानंतर रूक्ष खेळाचे दुसरे नावच ‘डुंगा’ असे ठरून गेले. त्याच डुंगाकडे १९९४ च्या स्पर्धेत, राईला संघातून वगळल्यानंतर, नेतृत्व आले आणि विश्वचषकही त्याच्याच हातांनी उचलला गेला. डुंगा सॉक्रेटिसपेक्षा मोठा खेळाडू होता, असे कोणी म्हणणार नाही. मात्र १९९४ चा संघ आधी बचाव बांधून मग दोन आघाडीवीरांवर विसंबणारा होता, आणि अशा संघाला मध्यभागी पहारा करणारा नेता हवा होता.

हा मेळ मोडला म्हणजे काय होते, हे स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने दाखवून दिले. २००३ मध्ये त्या क्लबने बेकहॅमसारखा कीर्तिमान खेळाडू घेतला आणि त्याच उन्हाळ्यात मधल्या फळीत निमूटपणे राबणाऱ्या माकेलेलेला चेल्सीला विकले. संघातील नावे अधिक झळाळली, परंतु स्पेनमधील साखळी स्पर्धेचे विजेतेपद पुन्हा मिळण्यास २००७ साल उजाडावे लागले. दरम्यान चेल्सीने इंग्लंडची साखळी स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकली होती. या यशापयशाला इतरही कारणे होती, हे मान्य केले तरी चिरा निखळल्याची किंमत कळसाने भरून निघत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

भारतीय फुटबॉलच्या इतिहासातही याची साक्ष मिळते. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शाळाशिक्षक होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव पत्करावा लागला होता. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीम यांनी त्यांना चक्क आघाडीला खेळविले. त्यांनी उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केले आणि त्याच कोरियाला भारताने २-१ असे नमविले. हे नाव सर्वांना आठवते. पण बचावातील बुरूज पुढे सरकल्यावर मधल्या फळीवर किती भार पडला असेल, याचा विचार क्वचितच होतो. त्या फळीत मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे फॉर्च्युनातो फ्रँको होते. कर्णधारपद चुनी गोस्वामी यांच्याकडे होते. फ्रँको यांच्याकडे पद नव्हते, केवळ जबाबदारी होती. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना त्यांचे नाव नव्याने समजले.

गोव्याच्याच धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघात परदेशी खेळाडू गोल करीत, परंतु क्लायमॅक्स लॉरेन्ससारखा स्थानिक खेळाडू मध्यभागी वर्षानुवर्षे टिकून राहिला. त्याच लॉरेन्सने २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल करून भारताला विजय मिळवून दिला. भारताने पुढे ती स्पर्धा जिंकली आणि २७ वर्षांच्या खंडानंतर, २०११ मध्ये, आशियाई चषकाच्या अंतिम स्पर्धेत पाऊल ठेवले. इतरांना खेळविणारा खेळाडू वेळ पडल्यास स्वतः पुढे सरसावतो. मात्र ती वेळ कोणती, हे त्याला कळावे लागते.

कर्णधार मधल्या फळीतलाच असावा, असा हट्ट मात्र नको. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी गोलरक्षक असूनही भारताचे नेतृत्व केले आहे. मुद्दा जागेचा नसून मेळाचा आहे.

वऱ्हाडापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील जमीन काळी आणि चिकट. पावसात मैदानावर चेंडू घसरण्याऐवजी रुतून बसतो. दूरचित्रवाणीवर दिसणारा आखूड पासांचा युरोपीय खेळ त्या चिखलात दहा पावलेही चालत नाही. तेथे चेंडू उंचावरून जातो आणि खाली पडलेला चेंडू प्रथम कोण गाठतो, यावर सामना ठरतो. साहजिकच येथील संघाला नाजूक कारागिरापेक्षा पडत्या चेंडूचा अंदाज बांधणारा, धापा टाकणाऱ्या सोबत्याला हाक देऊन जागेवर आणणारा मधला खेळाडू अधिक उपयोगी पडेल. पावसाळा सरून तेच मैदान टणक झाले की पद्धत बदलेल आणि कदाचित कर्णधारही बदलावा लागेल. ज्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था १९१४ पासून उभी आहे, तेथे मातीचा आणि खेळाचा संबंध निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

क्रीडाशिक्षकांना यासाठी खर्चिक साधने लागणार नाहीत. निवडीच्या सामन्यात गोलांबरोबर आणखी दोन गोष्टींची नोंद वहीत व्हावी. कोणाच्या पायातून गेलेला चेंडू आपल्याच गड्याकडे पोहोचला, आणि चेंडू गमावल्यानंतर सर्वांत आधी मागे कोण धावला. आठवड्याभरात त्या वहीत एखादे असे नाव पुनःपुन्हा दिसू लागेल, जे गोलांच्या यादीत कोठेही नसेल. आज असा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या निवडीतच मागे पडते आणि दहावीचे वर्ष आले की मैदान कायमचे सोडते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर आपोआप लागते. या दुसऱ्या नावाची दखल मात्र कोणीतरी शिक्षकच घेऊ शकतो, आणि ती वेळेवर घेतली गेली नाही तर तो खेळाडू होता हेही कोणाला कळत नाही.