पाणी जाते कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजमध्ये संध्याकाळी गाडी चालवणे म्हणजे चालवणे कमी आणि थांबणे जास्त. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या गर्दीतून वाट काढताना आमच्या एका निवृत्त शिक्षकमित्रांची जुनी प्रीमियर पद्मिनी हटकून तापे. बोनेटखालून वाफ येई. सर गाडी कडेला घेत आणि डिकीतला पाण्याचा कॅन काढत. एका गॅरेजवाल्याने 'हेड खोलावे लागेल' असे सांगितले होते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जात होता. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता आपल्याही गाडीची वेळ आली, असे समजून सरांनी भंगारवाल्याशी बोलणे सुरू केले. दोन रविवार थांबा, असे आम्ही त्यांना म्हणालो.

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि जवळपास तितकीच सिलिंडरभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळते. पंप हे पाणी रेडिएटरमध्ये ढकलतो. तेथील चपट्या, बारीक नळ्यांतून ते वरून खाली उतरते, पंख्याची हवा त्याला निववते आणि ते पुन्हा इंजिनात जाते. या साखळीची कोणतीही कडी निसटली, तरी बाहेरून दिसते ते एकच : गाडी तापली. मुलाला ताप आला एवढ्यावरून जसा रोग कळत नाही, तसेच हे. म्हणून डॉक्टरांप्रमाणे पहिला प्रश्न विचारायचा तो 'केव्हा तापते?' हा.

त्याआधी हेडची शंका फेडून घेतली. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली. हेड गॅस्केट फाटले असते, तर जळलेले वायू पाण्यात शिरून बुडबुडे सतत येत राहिले असते. ते आले नाहीत. ऑईलमध्ये पाणी मिसळले की ते दुधाच्या चहासारखे दिसू लागते. सरांच्या गाडीचे ऑईल काळेच होते. ठिणगी उशिरा पडत असली तरी इंजिन तापते, पण तिची वेळही ठीक निघाली.

मग प्रयोगशाळेतले दोन तापमापक रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपांना बांधले आणि निघालो. शहागंजच्या गर्दीत दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच गरम. म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी येत होते, पण न निवताच परत जात होते. हवा कमी पडत होती. या गाडीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता आणि सैलही होता. नवा पट्टा बसवल्यावर शहागंज बिनवाफेचे पार पडले. सर खूश झाले. खरे सांगायचे तर आम्हीही झालो, आणि तिथेच थांबलो असतो तर फसलो असतो.

पुढच्या रविवारी दौलताबादचा घाट चढायला घेतला आणि गाडी पुन्हा तापली. या वेळी वरचा पाइप उकळता आणि खालचा मात्र बराच थंड! म्हणजे जे थोडे पाणी खाली उतरत होते ते चांगले निवत होते, पण उतरतच होते थोडे. पंप दुबळा की नळ्या बुजलेल्या? इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरच्या जाळीजवळून हात फिरवला. मधला मोठा पट्टा थंडगार लागला. दोष नळ्यांचा होता.

बेसाल्ट खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. घरच्या पाणी तापवायच्या भांड्यातला हाच थर वर्गात नेऊन त्यावर व्हिनेगर टाकावे. फसफस मुलांना लगेच दिसते. पण इथे एक हिशेब अडला. समजा, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि गाडीत ५ लिटर पाणी मावते. मग थर बसेल तो जास्तीत जास्त २ ग्रॅमचा! एवढ्याने नळ्या बुजत नाहीत. रोज एक लिटर नवे पाणी ओतत राहिले, तर मात्र वर्षाला १४६ ग्रॅम क्षार आत जातात. वाफ पळते, क्षार मागे राहतात. तेव्हा खरा प्रश्न गाडी का तापते हा नव्हता. रोज लिटरभर पाणी जाते कुठे, हा होता.

पाइप कोरडे, जमिनीवर ठिपका नाही. शेवटी रेडिएटरचे झाकण उलटे करून पाहिले. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे उघडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. झाकणाने अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब धरला, तर तेच पाणी जवळपास ११० अंशांपर्यंत उकळत नाही. वायसर गेला की ही बारा अंशांची सवलत गेली. पाणी लवकर उकळते, वाफ सुटते, सर कॅन उघडतात, क्षार वाढतात, नळ्या बुजतात, आणि गाडी आणखी तापते. (दाबाखालच्या या पाण्यामुळेच गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये, दाब सुटताच पाणी एकदम उकळून चेहऱ्यावर येते. कोरड्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतणेही तितकेच वाईट. ओतीव भाग तडकू शकतो.)

शहागंजच्या एका गल्लीतल्या उस्तादांनी रेडिएटरची वरची टाकी डाग उकलून काढली, नळ्यांतून पट्ट्या घालून थर खरवडला आणि टाकी पुन्हा झाळली. काम चालू असताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. कुणीतरी पूर्वी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. 'गाडी तापते, काढा थर्मोस्टॅट' हा इलाज आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. आम्हाला तो पटत नाही. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी ही झडप नसली, तर थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त लागते. आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेने परत फिरते. आम्ही नवा बसवला. बोअरच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट भरले. सगळ्यांत स्वस्त वस्तू ठरली ती झाकण.

त्यानंतर घाट दोनदा चढून झाला. महिनाभरात रेडिएटरमध्ये थेंबभरही पाणी घालावे लागले नाही. डिकीतला कॅन मात्र सरांनी अजून काढलेला नाही.