ट्रकची निगा, मालाचा भार आणि वाटेवरचे सरपण

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादनगर वसलेले आहे. येथील पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याआधी १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली होती आणि पुढे २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. सीमा बदलल्या, परंतु भिलाई आणि विदर्भ यांना जोडणारा रस्ता तसाच राहिला.

पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता क्रमांक ५३ असलेला हा मार्ग भिलाईहून दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा नागपूरला येतो. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज कारखान्यात रेल्वेने येते. लांबलचक रूळही रेल्वेनेच जातात. परंतु पोलादाच्या पत्र्या, सळ्या व तारेची वेटोळी गावोगावच्या दुकानांपर्यंत आणि बांधकामांपर्यंत पोहोचतात ती ट्रकमधून. ट्रक चालवणारे, त्यांच्या सोबतचे क्लीनर, मिस्त्री आणि हमाल अशा असंख्य कुटुंबांची चूल या रस्त्यावर पेटते. म्हणून ट्रकची निगा कशी राखावी, भार कसा वाहावा आणि वाटेत चुलीसाठी सरपण घेताना कोणते भान ठेवावे, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

१. डिझेल इंजिनाचे मर्म

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये केवळ हवा ओढली जाते. दट्ट्या वर जाताना ती हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या भागाइतक्या जागेत दाबली जाते. दाबामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणी डिझेलचा सूक्ष्म फवारा आत सोडला जातो आणि तो आपोआप पेट घेतो.

ही क्रिया लक्षात घेतली म्हणजे देखभालीचा पहिला नियम सहज कळतो : डिझेल इंजिनाला स्वच्छ हवा आणि स्वच्छ इंधन हवे. उन्हाळ्यातील फुफाटा, खनिजाची भुकटी आणि कोळशाची धूळ हवेच्या गाळणीत अडकते. गाळणी तुंबली की हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि नळीतून काळा धूर येतो. ट्रकचा धूर हा इंजिनाच्या प्रकृतीचा निदर्शक आहे. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा इंधन जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनातील वंगण तेल जळत आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, असे समजावे.

डिझेलमध्ये पाणी मिसळणे हाही मोठा धोका आहे. टाकी रिकामी राहिली की आतील हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्याने थिजून पाणी होते. म्हणून मुक्कामापूर्वी शक्यतो टाकी भरून ठेवावी आणि इंधन गाळणीखालच्या भांड्यात साचलेले पाणी नियमितपणे सोडून द्यावे. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत ट्रक चालवू नये. तसे केल्यास तळाचा गाळ वर ओढला जातो आणि नळीत हवा शिरून इंजिन बंद पडते. जुन्या ट्रकमध्ये गाळणीवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून ही हवा काढता येते. नव्या इंजिनांत मात्र फवारणीच्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. म्हणून इंजिन चालू असताना या नळ्या कधीही सैल करू नयेत. ते काम प्रशिक्षित मिस्त्रीकडे द्यावे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या ट्रकना भारत स्टेज सहाचे प्रदूषण निकष लागू झाले. त्यांपैकी बहुतेक ट्रकमध्ये डिझेलखेरीज युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. शेतातील खताचा युरिया पाण्यात विरघळवून तो या टाकीत ओतण्याचा मोह टाळावा. त्यातील अशुद्ध घटकांमुळे महागडी यंत्रणा निकामी होते.

२. निघण्यापूर्वीची पाहणी

प्रवासाला निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे दिली, तर रस्त्यावरचे अनेक तास वाचतात. पाहणीचा क्रम रोज एकच ठेवावा, म्हणजे काही विसरत नाही.

प्रथम सपाट जागेवर, इंजिन बंद असताना, पट्टीने वंगण तेलाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून इंजिन सुरू करू नये. त्यानंतर रेडिएटरमधील पाणी किंवा शीतक पाहावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजतात.

दुसरी पाहणी टायरची. हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा, कारण धावून तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला असतो. मागील जोडचाकांत आतल्या टायरकडे दुर्लक्ष होते. त्यात हवा कमी असेल तर सारा भार बाहेरच्या टायरवर येतो आणि तो फुटतो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड काढून टाकावा. टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की तो टायर नियमाने वापरता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पाहणी ब्रेकची. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. काटा सुरक्षित खुणेवर येईपर्यंत आणि इशारा थांबेपर्यंत ट्रक हलवू नये. हवेच्या टाक्यांत साचलेले पाणी रोज सोडावे.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. ती जीवघेणी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. शिवाय यात डिझेलही वाचत नाही. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला, की इंधनाचा फवारा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा.

३. भार किती आणि कसा

पोलाद दिसते त्याहून फार जड असते. एक घनमीटर पोलादाचे वजन सुमारे ७,८५० किलोग्रॅम भरते. समजा, ६ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड अशी एक पोलादी पत्री आहे. तिचे घनफळ ०.१२ घनमीटर, म्हणजे वजन ९४२ किलोग्रॅम. अशा बारा पत्र्या एकावर एक ठेवल्या तर थराची उंची होते केवळ १२ सेंटिमीटर. परंतु वजन ११ टनांहून अधिक होते. ट्रक जवळजवळ रिकामा दिसतो आणि मालक म्हणतो, ‘अजून जागा आहे.’ जागा असते, पण ताकद संपलेली असते. म्हणून पोलादाचा भार डोळ्यांनी न मोजता वजनकाट्यावरच मोजावा.

२०१८ च्या अधिसूचनेनुसार दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन १८.५ टनांपर्यंत आणि तीन आसांच्या ट्रकचे २८.५ टनांपर्यंत असू शकते. आपल्या ट्रकला लागू होणारा आकडा नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले, की वाहता येण्याजोगा माल किती हे कळते. रिकामा ट्रक ६.५ टनांचा आणि मर्यादा १८.५ टनांची असेल, तर माल १२ टनांहून अधिक भरता येणार नाही.

मर्यादा मोडल्यास काय होते? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तीन टन जादा माल असेल, तर दंड होतो २६,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. तीन टनांच्या भाड्यातून हा दंड भरून निघत नाही. त्याहून मोठे नुकसान पैशांत मोजता येत नाही. भार वाढला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वाढते, कमानींचे पाटे तुटतात, टायर फुटतात. रस्त्याचीही हानी होते. आसावरील भार एक-पंचमांशाने वाढला, तर रस्त्याची झीज सुमारे दुप्पट होते, असे रस्ते अभियंते मानतात.

भार योग्य असला तरी तो बांधलेला नसेल, तर धोका टळत नाही. ट्रक एकदम थांबतो, तेव्हा माल पुढे जातच राहू पाहतो. हा जडत्वाचा नियम आहे. पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या सुमारे आठ-दशांश इतका जोर आणि बाजूला व मागे निम्मा जोर सहन होईल, अशी बांधणी असावी, असा संकेत आहे. म्हणजे दहा टन पोलादासाठी पुढील बाजूस आठ टनांचा जोर रोखावा लागतो. केवळ दोरखंड आणि ताडपत्री यांचे ते काम नव्हे. त्यासाठी साखळ्या व ताण देणारे पट्टे हवेत. पोलादावर पोलाद सहज घसरते, आणि त्यावर तेलाचा थर असेल तर अधिकच. म्हणून थरांमध्ये लाकडी ठोकळे किंवा रबरी पट्ट्या घालाव्यात. वेटोळी दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून अडवावीत. सुटलेल्या वेटोळ्याच्या वाटेत पहिली येते ती चालकाची केबिन.

सळ्यांची टोके ट्रकच्या मागे बाहेर काढू नयेत. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसत नाहीत. असा माल बाहेर काढण्याची पूर्वीची सवलत २०१४ मध्ये रद्द करण्यात आली आहे. पहिले काही किलोमीटर गेल्यावर थांबून बांधणी पुन्हा तपासावी, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि साखळ्या सैल होतात.

४. वाटेवरचे सरपण

लांबच्या प्रवासात अनेक चालक आपला स्वयंपाक स्वतः करतात. देवरी-साकोलीच्या पट्ट्यात रस्त्याच्या दुतर्फा रान आहे. तेथे पडलेल्या काटक्या गोळा करणे किंवा घरासाठी ट्रकमध्ये थोडे लाकूड टाकून नेणे अगदी साधे वाटते. येथे कायदा जाणून घेणे आवश्यक आहे.

छत्तीसगड आणि पूर्व विदर्भातील गावांना ‘निस्तार’ या नावाने घरगुती सरपण घेण्याची जुनी सवलत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्या आदिवासींचे व इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले. हे हक्क त्या त्या गावच्या रहिवाशांचे आहेत. वाटेने जाणाऱ्या ट्रकचालकाचे नव्हेत. जंगलातील लाकूड वाहनातून नेण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार विनापरवाना वनोपज नेणारे वाहनही जप्त होऊ शकते. मोळीभर लाकडासाठी कर्जावर घेतलेला ट्रक अडकवून घेणे कोणालाही परवडणारे नाही. म्हणून सरपण गावातून किंवा लाकडाच्या टालीवरून विकत घ्यावे, पावती जपून ठेवावी. अधिक लाकूड न्यायचे असल्यास परवाना आधी घ्यावा.

सरपण निवडताना ते वाळलेले आहे ना, हे पाहावे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असते. उष्णतेचा मोठा भाग ते पाणी उडवण्यात खर्च होतो, धूर अधिक होतो आणि भात मात्र शिजत नाही. वाळलेले लाकूड वजनाला हलके असते, त्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो. तेलकट फळ्या किंवा रंग दिलेले लाकूड जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो. मालाखालचे ठोकळे तर कधीच चुलीत घालू नयेत. तेच ठोकळे आपला भार जागेवर धरून ठेवतात.

चूल ट्रकपासून आणि डिझेलच्या टाकीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर मांडावी. उन्हाळ्यात पाला-पाचोळा बाजूला करावा आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे. एक निखारा सारे रान पेटवू शकतो.

थंडीच्या रात्री केबिनच्या काचा लावून आत शेगडी ठेवणे हे सर्वांत घातक होय. जळणाऱ्या लाकडातून व कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. रक्तातील प्राणवायूची जागा घेऊन झोपेतच त्याचा प्राण घेतो. थंडी वाजत असेल तर आणखी एक कांबळे घ्यावे. शेगडी मात्र बाहेरच ठेवावी.

५. चालकाची निगा

ट्रकइतकीच चालकाचीही निगा महत्त्वाची आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. त्यामागील कारण साधे आहे. डुलकी लागलेल्या चालकाच्या हाती अठरा टनांचे वाहन असते आणि एका क्षणाची झोप अनेकांचे आयुष्य संपवू शकते. वेळेवर माल पोहोचवण्याचा आग्रह मालक धरील. तरी झोप अनावर झाल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करण्याचा निर्णय चालकानेच घ्यायचा असतो.

ट्रक हे केवळ यंत्र नाही. ते एका कुटुंबाचे भांडवल आहे. धुराचा रंग ओळखणारा, वजनकाट्यावर विश्वास ठेवणारा आणि जंगलाचा व कायद्याचा मान राखणारा चालक भिलाईचे पोलाद नागपूरला सुखरूप पोहोचवतो आणि स्वतःही सुखरूप घरी परततो.

स्वाध्याय

१. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन कसे पेटते, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. निळसर धूर आणि काळा धूर यांवरून कोणता दोष कळतो?
३. एका ट्रकची वजनमर्यादा २८.५ टन असून रिकाम्या ट्रकचे वजन ९ टन आहे. त्यातून जास्तीत जास्त किती टन माल नेता येईल? प्रत्यक्षात २१.५ टन माल भरला, तर दंड किती होईल?
४. ‘जागा असते, पण ताकद संपलेली असते’ या वाक्याचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या वाहनचालकाशी बोला आणि तो निघण्यापूर्वी कोणती पाहणी करतो, ते दहा ओळींत लिहा.