स्पोर्ट बाईकचा टायर बदलताय? जाडी नंतर बघा, आधी कडेचे आकडे वाचा

पावसाळा तोंडावर आला की बाईकवाल्यांना टायरची आठवण होते. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालेला असतो, रविवारी ताम्हिणीला जायचं ठरलेलं असतं आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "यात एक साइज मोठा बसेल का?"

दुकानदार बहुतेक वेळा "बसेल की" म्हणतो. बसतोही. पण बसणं आणि नीट चालणं यात फरक आहे. धावत्या बाईकचे दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकतात ते जेमतेम दोन तळहातांएवढ्या जागेत. ब्रेक, वळण, पिकअप सगळं तेवढ्याच रबरावर अवलंबून असतं. त्यामुळे हा निर्णय दिसण्यावर घेण्यासारखा नाही.

कडेला लिहिलेलं काय सांगतं?

आपल्याकडे कॉलेजच्या पार्किंगमध्ये हमखास दिसणारी यामाहा आर१५ घेऊ. तिच्या व्ही४ मॉडेलच्या मागच्या टायरवर १४०/७० आर१७ ६६एच असं लिहिलेलं असतं. १४० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १७ हा रिमचा इंचातला व्यास. ६६ हा वजनाचा कोड आहे, त्याचा अर्थ ३०० किलोपर्यंत. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

आर१५ काही २१० ने पळत नाही, मग एच कशाला? कारण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करतो याचाही अंदाज देतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे रेटिंग दिलंय त्याच्या खालचा टायर घेऊ नये, वरचा चालतो.

मधला 'आर' म्हणजे रेडियल. याच गाडीच्या पुढच्या टायरवर १००/८०-१७ ५२पी असं असतं, तिथे 'आर'ऐवजी नुसती रेघ आहे. तो बायस टायर. बायसमध्ये आतले धागे एकमेकांवर तिरके आडवे टाकलेले असतात, त्यामुळे अख्खा टायर थोडा कडक राहतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. त्याची बाजू लवते, रस्त्याला टेकणारा भाग मात्र स्थिर राहतो आणि टायर कमी तापतो. पुढे बायस, मागे रेडियल ही जोडी कंपनीने चाचण्या घेऊन ठरवलेली असते. स्वतःच्या मनाने उलटी जोडी, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे बायस, लावू नये.

'मोठा' टायर खरंच मोठा असतो का?

आता याच गाडीला १५०/६० टाकला तर? आकडेमोड करून बघा. १४०/७० चा एकूण व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर भरतो, १५०/६० चा ६१२. म्हणजे दिसायला जाड असलेला टायर प्रत्यक्षात १६ मिलिमीटरने बुटका निघाला. गाडी मागून ८ मिलिमीटर खाली बसते, पुढच्या फोर्कचा कोन थोडा मागे कलतो आणि बाईक वळणात झुकायला आळस करते. ज्या चपळाईसाठी स्पोर्ट बाईक घेतली, तीच कमी होते.

दुसरी अडचण रिमची. टायर रिमच्या मानाने जास्त रुंद असेल तर त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. त्यामुळे १० मिलिमीटर जास्त दिले म्हणून १० मिलिमीटर जास्त ग्रिप मिळत नाही. शिवाय ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्यांमध्ये यंत्रणा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करत असते. एका चाकाचा घेर बदलला की तिचा हिशेब चुकू शकतो. चेन आणि मडगार्ड घासण्याची शक्यता वेगळीच.

थोडक्यात, साइज कंपनीची ठेवावी आणि पैसे चांगल्या रबरावर खर्च करावेत.

पावसात कोणता टायर चालतो?

जास्त नक्षी म्हणजे जास्त पकड, असा सर्रास समज आहे. कोरड्या डांबरावर पकड रबराची असते. नक्षीतल्या खाचा पाणी बाजूला काढण्यासाठी असतात. म्हणूनच रेसिंगचे कोरड्यात वापरायचे स्लिक टायर अगदी सपाट असतात.

आपल्याकडचा खरा धोका पहिल्या सरींचा. रस्त्यावरचं ऑइल, धूळ आणि पाणी यांचं मिश्रण होतं, तेव्हा टायरचं रबर थंड आणि ओल्या रस्त्यावरही मऊ राहायला हवं. त्यासाठी कंपन्या रबरात सिलिका मिसळतात. स्पोर्ट-टूरिंग गटातल्या टायरमध्ये यावर भर असतो. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० ला कंपनीकडून मिळालेला मिशेलिन रोड ५ याच गटातला. पिरेली डियाब्लो रोसोसारखे टायर जास्त स्पोर्टी बाजूला झुकतात. भारतात बनणाऱ्या रेडियलमध्ये अपोलो अल्फा एच१ सारखे पर्याय आहेत.

ट्रॅकसाठीचे अतिमऊ टायर नीट तापल्यावरच पकड देतात. जुलैतल्या घाटात ते तापणार कधी? सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि रविवारी घाट, असा वापर असेल तर स्पोर्ट-टूरिंगच योग्य. त्याहून मऊ टायर लवकर झिजतो आणि बिल मात्र जास्त येतं.

हायवेचा वापर जास्त असेल तर ड्युअल कंपाउंड बघावा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी असली तरी जुना हायवे आहेच, आणि तासन् तास सरळ चालवल्यावर टायर मधोमध चपटा होतो. मग बाईक झुकवताना कड ओलांडल्यासारखी वाटते. ड्युअल कंपाउंडमध्ये मधलं रबर टणक आणि बाजूचं मऊ असतं, त्यामुळे ही चपटी पट्टी उशिरा पडते. (कडेला न झिजलेली पट्टी राहिली की मित्र तिला 'चिकन स्ट्रिप' म्हणून चिडवतात. पब्लिक रोडवर ती राहिलेलीच बरी.)

नवा टायर, जुना माल

कडेला एका अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पैसे देण्याआधी हे बघायलाच हवं, विशेषतः परदेशी टायर घेताना. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि आयातीसाठी परवाना लागू लागला. एखादं मॉडेल बाजारात दुर्मीळ असेल आणि एखाद्याच दुकानात 'शेवटचा पीस' मिळत असेल, तर तो किती दिवस पडून आहे हे आकडेच सांगतील. आयएसआय मार्कही तपासावा.

मिशेलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा. गाडी सोसायटीत उन्हात उभी राहत असेल तर बाजूच्या बारीक भेगांकडे आधीच लक्ष द्यावं. नक्षीच्या खाचेत तळाला लहान उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांना टेकलं की टायर संपला.

आणखी एक. मागचा टायर आधी झिजतो म्हणून तोच बदलला जातो आणि पुढचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. जोरात ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, हे त्यात विसरलं जातं.

बसवताना बाणाची दिशा बघावी आणि बॅलन्सिंग करून घ्यावं. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले १०० ते १५० किलोमीटर जोरात ब्रेक, जोरात पिकअप आणि खोल झुकणं टाळावं. हवा टायर थंड असताना भरावी आणि ती गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. टायरवर छापलेला प्रेशरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात हवा कमी झाली की खाचा दबून मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही.