चार डोकी, एक सूर!

जॅझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जुन्या हिंदी सिनेमातला क्लब, ट्रम्पेट आणि फुल्ल धिंगाणा. म्हणूनच आज अशा बँडबद्दल लिहितोय, ज्यात ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही, गायकही नाही. नाव : मॉडर्न जॅझ क्वार्टेट. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

गोष्ट सुरू होते १९४६ च्या सुमारास, अमेरिकेत, डिझी गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये. त्यातल्या ट्रम्पेटवाल्यांना इतके उंच सूर लावावे लागायचे की त्यांचे ओठ दमायचे. त्यांना विश्रांती मिळावी म्हणून मधल्या वेळात चौघंच वाजवायचे. पियानोवर जॉन लुईस, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, बेसवर रे ब्राऊन आणि ड्रम्सवर केनी क्लार्क. थोडक्यात काय, तर हे चौघं 'फिलर' होते! पण त्या मधल्या वेळातच त्यांना कळलं की आपलं छान जमतंय.

१९५१ मध्ये त्यांनी 'मिल्ट जॅक्सन क्वार्टेट' या नावाने रेकॉर्डिंग केलं. १९५२ मध्ये नाव झालं 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट'. आद्याक्षरं तीच राहिली, पण नावातून एक माणूस गेला आणि बँड चौघांचा झाला. रे ब्राऊनच्या जागी पर्सी हीथ आला. कामंही वाटून घेतली : लुईसकडे संगीत, जॅक्सनकडे प्रसिद्धी, हीथकडे हिशोब, ड्रमरकडे प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था. आपल्या गॅदरिंग कमिटीने शिकण्यासारखं आहे, नाही का?

आता थोडा टेक्निकल फंडा. व्हायब्राफोनमध्ये धातूच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली तळाशी बंद असलेली नळी. फर्स्ट इयरला शिकलेला रेझोनन्स तो हाच! नळीच्या तोंडाशी एक चकती असते आणि या चकत्या मोटरवर फिरतात. नळी उघडते, झाकते, उघडते, झाकते, म्हणून आवाज थरथरतो. बाकीचे वादक मोटर जोरात ठेवायचे. जॅक्सनने ती अगदी हळू केली. झालं, तोच धातू माणसाच्या गळ्यासारखा गायला लागला! नुसता स्पीड बदलला आणि वाद्याचा स्वभावच बदलला.

पण खरी गंमत पुढेच आहे. जॅक्सन चर्चच्या गाण्यांत आणि ब्लूजमध्ये वाढलेला, मनाला येईल तसं वाजवणारा. लुईस बाखचा भक्त, सगळं आखून रेखून लिहिणारा. बाखच्या फ्यूगमध्ये एकाने सूर सुरू करायचा, मग दुसऱ्याने तोच उचलायचा, आणि पहिला तोवर पुढे गेलेला असतो. लुईसने हे जॅझमध्ये आणलं. 'वांदोम' ही रचना (१९५२) त्याचाच नमुना. पियानोवर तो नुसते कॉर्ड्स देत बसायचा नाही, तर जॅक्सनच्या सुरामागे स्वतःचा वेगळा बारीक सूर विणायचा. एक बांध घालणारा, एक पाणी सोडणारा. दोन्ही असल्याशिवाय वीज कशी तयार होणार?

१९५५ मध्ये क्लार्क गेला आणि कॉनी के आला. त्याचे ड्रम्स इतके हळुवार, की बेसची प्रत्येक तार ऐकू यावी. बँडचा आवाज पक्का झाला तो इथे.

हे चौघं टक्सिडो घालून स्टेजवर यायचे, कधी कधी तर लोक गप्प व्हावेत म्हणून मुद्दाम अजून हळू वाजवायचे. याला निव्वळ स्टाइल म्हणू नका. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसाला कित्येक ठिकाणी पुढच्या दाराने आत घेत नसत. अशा वेळी आमचं संगीत दारूच्या ग्लासांच्या खणखणाटात नको, सभागृहात शांतपणे ऐका, असं सांगणं म्हणजे एक प्रकारचा लढाच होता.

१९७४ मध्ये जॅक्सन बाहेर पडला. इतकी वर्षं वाजवूनही रॉकवाल्यांच्या मानाने हातात पैसा फारसा येत नाही, ही त्याची तक्रार. बँड मोडला. पण १९८१ मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले, आणि १९९४ मध्ये कॉनी के वारला तोपर्यंत चौघं तेच होते.

आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक तरी बँड निघतो आणि व्हॉल्यूम कोणाचा जास्त यावरून फुटतो. मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिसला अँप बंद करून बघा. आधी शेजारच्याचं ऐकू येऊ दे, आपलं सोलो मग!