मोल्सवर्थ : एका आडनावाची कुळकथा

जुन्या मराठीतला एखादा शब्द अडला, की अभ्यासक ‘मोल्सवर्थ काढून पाहतो’. या बोलण्यात माणूस मागे पडला आहे आणि ग्रंथ तेवढा उरला आहे. ज्या परक्या आडनावाला मराठीत जवळजवळ सामान्यनामाचे रूप आले, ते मुळात कोठले आणि आणखी कोणाकोणाच्या वाट्याला आले, याची हकिगत मोठी उद्बोधक आहे.

इंग्रजी आडनावांचे ढोबळ मानाने चार वर्ग पडतात. काही बापाच्या नावावरून आली, जसे जॉन्सन. काही धंद्यावरून, जसे स्मिथ म्हणजे लोहार. काही रूपगुणांवरून, जसे ब्राउन. आणि काही गावावरून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर वंशपरंपरागत आडनावे प्रथम जमीनदार घराण्यांत रूढ झाली आणि पुढील तीनेक शतकांत सामान्य जनांत पसरली. मोल्सवर्थ हे यांपैकी चौथ्या वर्गातले.

इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीच्या हंटिंग्डनशर आणि आजच्या केंब्रिजशर परगण्यात, मोल्सवर्थ नावाचे लहानसे खेडे आहे. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-दप्तरात त्याची नोंद आढळते. प्राचीन इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. केनिलवर्थ, वाँड्सवर्थ या गावांच्या नावांत तोच शब्द आहे. ‘मूल’ हे एका पुरुषाचे नाव असून त्याचा मूळ अर्थ खेचर असा होतो. सातव्या शतकात केंट प्रांतावर याच नावाचा एक राजा होऊन गेला. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूल नावाच्या कोणा माणसाची वाडी. त्या गावचा जमीनदार ‘द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा, असे नाव लावी. आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय जे काम करतो, तेच हा ‘द’ करीत असे. कालांतराने ‘द’ गळाला आणि गावाचे नाव तेवढे माणसाला चिकटून राहिले. मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत, आणि आजच्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमतच. पण हा केवळ योगायोग आहे. नावाच्या व्युत्पत्तीशी त्याचा काही संबंध नाही.

हे नाव लावणाऱ्यांत पहिला नाव घेण्याजोगा पुरुष म्हणजे डब्लिन येथे १६५६ मध्ये जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ. तो डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. १६६० मध्ये त्या देशात राजाच्या हाती अनियंत्रित सत्ता गेली आणि प्रजेचे स्वातंत्र्य लयाला गेले, याचे विवेचन त्याने १६९४ च्या आपल्या पुस्तकात केले. ते वाचून डेन्मार्कच्या दरबाराने इंग्लंडकडे तक्रार नोंदविली. डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याचीच आठवण होय.

दुसरा, सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० मध्ये जन्मला. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचे इंग्रजी व लॅटिन ग्रंथ त्याने पदरमोड करून १६ खंडांत प्रसिद्ध केले. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता. १८३८ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी धाडणे थांबविण्यात आले. १८५५ मध्ये तो वसाहतमंत्री झाला, परंतु त्याच वर्षी निवर्तला. सासरकडून हे आडनाव मिळालेल्या मेरी लुईझा मोल्सवर्थ यांनी मुलांसाठी विपुल लिहिले. ‘द कक्कू क्लॉक’ ही त्यांची कथा १८७७ ची.

मराठी माणसाच्या परिचयाचा मोल्सवर्थ म्हणजे जेम्स टॉमस (१७९५–१८७१). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला हा अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ मध्ये मुंबईत छापून निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली. ग्रंथातल्या शब्दांबरोबरच शेतकऱ्याचे, कारागिराचे आणि बायकांच्या तोंडचे शब्द, म्हणी व वाक्प्रचार त्यात आले. शब्द संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून, याची खूणही पुष्कळ ठिकाणी दिलेली आहे. लोकांनी कौतुकाने त्याला ‘मोलेसरशास्त्री’ केले. १९७५ मध्ये पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि आता तो संगणकावरही पाहता येतो.

गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात हे नाव काढले तर अनेकांना एक व्रात्य शाळकरी मुलगा आठवतो. जेफ्री विलन्स यांनी लिहिलेल्या आणि रोनाल्ड सर्ल यांच्या चित्रांनी सजलेल्या १९५३ च्या विनोदी पुस्तकाचा नायक नायजेल मोल्सवर्थ हा तो मुलगा. त्याची ख्याती ही, की त्याला एक शब्द धड शुद्ध लिहिता येत नाही! तिकडे जे नाव अशुद्धलेखनाचे प्रतीक झाले, तेच इकडे शब्दाच्या प्रामाण्याचे. मूलच्या वाडीत यांपैकी काहीच नव्हते; ज्याने जसे काम केले, तसा अर्थ नावाला आला.

तथापि आडनाव एकाचेच असते आणि कोशाचे काम मात्र अनेकांचे. शब्द सांगणारे, त्यांच्या अर्थच्छटा उलगडणारे आणि वाद मिटविणारे शास्त्री-पंडित मोल्सवर्थच्या पाठीशी होते. शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ तर त्याच्याही आधी, १८२९ मध्ये, निघू लागला होता. लोकांनी साहेबाला शास्त्री म्हटले, त्यात खऱ्या शास्त्र्यांच्या श्रमाची नकळत कबुलीच आहे. म्हणून ‘मोल्सवर्थ काढून’ पाहताना, ज्यांची आडनावे त्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर आली नाहीत, त्यांचेही स्मरण ठेवणे उचित होय.