डोंगरगावच्या माशांची साक्ष

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात डोंगरगाव आहे. जीवाश्मांच्या जगात ते गाजले डायनोसॉरमुळे. इथल्या टेकडीत सापडलेल्या त्या प्राण्याला आज 'इसीसॉरस' म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधी, 1908 मध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी इथल्या माशांचे वर्णन छापले होते. जुन्या पाण्याविषयी विचारायचे तर मला डायनोसॉरपेक्षा मासाच भरवशाचा वाटतो. डायनोसॉर पाणी पिऊन निघून जायचा, मासा तिथेच राहायचा.

वुडवर्ड यांच्या माशांपैकी एक 'इओसेरॅनस हिस्लोपी'. हे नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. नागपूरच्या या मिशनऱ्याने टाकळी आणि आसपासचे जीवाश्म गोळा करून 1855 मध्ये सहकारी हंटर यांच्यासह त्यांवर निबंध लिहिला. 1863 मध्ये पुरात बुडून ते गेले. नागपूरकरांना ते कॉलेजच्या नावातून ठाऊक आहेत, माशातून फारसे नाहीत.

दुसरा मासा गार. लांब जबड्याचा, अंगभर शंकरपाळ्याच्या आकाराचे चकचकीत खवले. त्यांवर दाताच्या लुकणासारखा कठीण थर असतो, म्हणून सांगाडा विस्कटला तरी खवले टिकतात. या गटातले मासे आज उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्युबात आहेत. पोटातल्या वाताशयाने हवा घेऊन ते प्राणवायू कमी असलेल्या संथ पाण्यातही तगतात. डोंगरगावच्या पाण्यात असा मासा होता, यावरून ते उथळ, गाळाचे तळे असावे असे वाटते.

पण तिसरा मासा, पिक्नोडस, या चित्रात सहज बसत नाही. गोल, बोथट दातांनी शिंपले फोडणाऱ्या या गटाचे बहुतेक मासे समुद्रातले. मग चंद्रपूरपर्यंत समुद्र आला होता का? त्याची गरज नसावी. समुद्रातले काही मासे नदीने वर चढतात, काही गोड्या पाण्यात रुळतातही. शिवाय हे मासे ज्या थरांत सापडले, त्याच 'लामेटा' नावाच्या थरांत कासवे आणि गोड्या पाण्याचे शिंपले आहेत. म्हणून मी तळ्याच्या बाजूचा.

या थरांवर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. तरी तळी संपली नाहीत. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात ओढे अडून नवी डबकी साचत, त्यांत गोगलगायी, बेडूक आणि मासे येत, आणि पुढचा लाव्हा त्यांचा गाळ झाकून टाकी. नागपूरच्या गिट्टीखदान भागात असा गाळ पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून गाळला, तेव्हा माशांचे नि बेडकांचे मिलिमीटरभर अवशेष हाती आले. एवढ्या लहान दातांवरूनही मासा ओळखता येतो.