मावशी, रेसला येतेस?

"मावशी, रविवारी रेसला येतेस? माणसं कमी पडतायत." बोईसरला एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी बचतगटाच्या बायकांबरोबर पापडांचा हिशेब करत बसले होते. म्हटलं, "अरे, मला साधी स्कूटी येत नाही!" तर म्हणतो कसा, "चालवायची नाहीये गं. चालवणाऱ्यांवर ओरडायचंय. ते तुला छान जमतं."

खरं सांगते मैत्रिणींनो, वेग म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. मनोर, चारोटी ही नावं आमच्याकडे बातमीत कमी आणि दहाव्याच्या बोलण्यात जास्त ऐकू येतात. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. दोघंही गेले. तेव्हा सगळ्या देशाला तो पूल कळला.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो आमच्या आळीतला मुलगा. जेमतेम विशीतला. मित्रांशी पैज लावून रात्री बाईक पळवली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. त्याच्या आईशेजारी तेरा दिवस मी बसले आहे.

भाच्याला हे सगळं ठाऊक होतं. "म्हणूनच ये," एवढंच म्हणाला. आमचे हे म्हणाले, "जाऊन तर ये. नाही आवडलं तर बस गाडीत."

पहाटे निघालो. लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीला विमानांसाठी बांधलेली धावपट्टी आहे. तिथे 'व्हॅली रन' नावाच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तशीच ही. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. समोर दिव्यांचा खांब. पुढचं चाक बरोबर रेषेवर आलं की वरचे बारके दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. हिरव्याआधी कुणी हलला तर लाल दिवा आणि तो बाद! घड्याळ कुणी हातात धरत नाही, प्रकाशाच्या झोताला चाक आडवं आलं की वेळ आपोआप मोजली जाते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मोठ्या बाईक दहा सेकंदांच्या आसपास पलीकडे पोहोचतात. तेवढ्यात आपला गॅससुद्धा धड पेटत नाही. पण थांबायला? त्यासाठी पुढे कितीतरी लांब रस्ता मोकळा सोडलेला. हे बघून मी जरा गप्प झाले. आमच्या पोरांना महामार्गावर थांबायला कोण जागा सोडतो?

मला भडक रंगाचं जाकीट दिलं आणि रांगेत उभं केलं. काम एकच. रेषेवर जाण्याआधी प्रत्येक बाईकवाल्याचं हेल्मेट, हातमोजे, जाकीट, बूट बघायचे. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत, जास्त सैल नको. दुपारपर्यंत मी किती हनुवट्या चाचपल्या, देव जाणे! ऊन, धूर, जळक्या रबराचा वास. चाकाला पकड यावी म्हणून ही मंडळी मागचं चाक पाण्यात जागच्या जागी फिरवून तापवतात, त्याचा तो वास. साडी नेसून गेले नाही ते बरं झालं.

जगभर या शर्यती अशाच बिनपगारी माणसांवर चालतात म्हणे. त्यांना मार्शल म्हणतात. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला आपली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तेव्हा सरावाच्या वेळी ट्रॅकवर चक्क कुत्रा घुसला आणि लाल झेंडा दाखवून कोट्यवधींच्या गाड्या थांबवाव्या लागल्या.

माझा कुत्रा दुपारी तीनला आला. म्हणजे एक तरुण हो! महागडी बाईक, पट्टा मात्र लोंबकळत होता. "काकू, सोडा ना, दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे. नंबर जाईल माझा." मागून हॉर्न सुरू. मी बाईकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. हात थरथरत होते, पण पाय हलले नाहीत. "नंबर जाऊ दे. आधी पट्टा." तो चिडला, काहीतरी पुटपुटला. मुख्य अधिकारी आले, त्यांनी एकदा पट्ट्याकडे बघितलं आणि त्याला सरळ रांगेच्या शेवटी पाठवलं. कुणी ओळख काढली नाही, कुणी 'जाऊ द्या हो' म्हटलं नाही. आपल्याकडे नियमापाठी असं कुणी उभं राहिलेलं मी फारसं बघितलेलं नाही. अर्ध्या तासाने तो परत आला, स्वतःच मान वर करून थांबला. मी दोन बोटं घालून पाहिली. घट्ट होता.

परतताना भाचा सांगत होता, सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. पोरांना हे माहीत नसतं, आणि असलं तरी पैजेपुढे आठवत नसतं.

घरी आले तर आळीतली ती ओट्यावर बसलेली. "कुठे होतीस दिवसभर?" खोटं बोलावं असं वाटलं होतं. नाही बोलले. रेसला गेले होते म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "पट्टा बघतात म्हणजे नक्की काय बघतात?" मी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून दाखवलं.

आता कॉलेजात हेल्मेटचा कार्यक्रम ठेवायचा चाललंय. ती येते म्हणालीय. "मला भाषणाला उभी करू नकोस," असं बजावलंय मात्र. "मी फक्त पट्टे बघीन."